मांडीवरचं मेज

माळ्यावरून आजोबांचं उतरतं डेस्क काढलं, तेव्हा त्याच्या कप्प्यात सरकीचे चार दाणे निघाले. आजोबा खामगावात कापसाच्या अडतीवर दिवाणजी होते. 1870 साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठीच, आणि त्या कापसाचा हिशेब असल्याच डेस्कांवर झाला. लोडाला पाठ, खाली गादी, मांडी घातलेली, समोर किर्द. दिवस दिवस ते तसे बसत.

मला ते हवं होतं खेळायला. दिवसभर खुर्चीवर काम करून रात्री पुन्हा त्याच खुर्चीत बसवत नाही. आमचं बुलढाणं घाटावरचं. हिवाळ्यात फरशी पायांना झोंबते. दिवाणावर गोधडी घेऊन बसावं आणि टीव्हीच्या पडद्यावर ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ मांडावा, एवढीच इच्छा. हा 1999 सालचा खेळ माझ्या पिढीच्या बोटांत बसला आहे. डावा हात कळांवर, उजवा माउसवर, तरच तो रंगतो. पण कीबोर्ड मांडीवर घेतला की डगमगतो, आणि माउस उशीवर ठेवला की उशी दबते, बाण अडखळतो. स्वारांना माघारी बोलवेपर्यंत ते शत्रूच्या किल्ल्याखाली संपलेले असतात.

आजोबांच्या डेस्कवर कीबोर्ड ऐटीत बसला. माउस मात्र हात सोडला की उतारावरून घसरत खालच्या पट्टीला येऊन टेकायचा. टाक घरंगळू नये म्हणून ठोकलेली ती पट्टी, तिच्या कडेला अजून काळ्या शाईचा ओघळ आहे. उतार काढून घ्यावा म्हणून डेस्क सुतारकाकांकडे नेलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, सांध्यावरून अंगठा फिरवला.

“याले हात नको लावू भाऊ. जुना साग हाये. तुले सपाट पाह्यजे ना? मंग नवं करू.”

सहा मिलिमीटरचं प्लाय, तीस इंच लांब, चौदा रुंद. अंकांच्या कळा नसलेला छोटा कीबोर्ड घेतला, म्हणजे उजवीकडे माउसला ऐसपैस जागा उरते. खाली पिंजलेल्या कापसाची उशी. पहिल्यांदा ती फक्त मधोमध लावली होती. उजवा हात टेकला की फळी कलायची. मग उशी या कडेपासून त्या कडेपर्यंत नेली. आता कापूस मांडीचा आकार घेतो, फळी हलत नाही आणि खांदे सैल राहतात. ही सैल खांद्यांची बैठक खुर्चीने मला कधीच दिली नव्हती.

परवा आई दारात थबकली. पाठीला लोड, मांडी घातलेली, समोर फळी. “मामाजी अगदी असेच बसायचे रे,” म्हणाली आणि दिवा मोठा करून गेली.

तुमच्याही माळ्यावर असं डेस्क असेल तर कापू नका. प्लायचा तुकडा आणि अर्धा किलो कापूस पुरतो.