कुणाला द्यायचं?

मध्यमवर्गीय माणसाला श्रीमंतांचा हेवा वाटतो, असा एक गैरसमज आहे. हेवा वगैरे काही नाही. त्यांना महिनाअखेर नसते, एवढंच आम्हाला खुपतं. अठ्ठावीस तारखेला दूधवाला दारात उभा राहिला की चेहऱ्यावर जे भाव आणावे लागतात, ते कोट्यधीशाला आयुष्यात कधी आणावे लागत नाहीत. म्हणूनच आयपीएल नावाच्या प्रकारात मला क्रिकेटपेक्षा 'पर्स' जास्त आवडते. पर्स म्हणजे संघ बांधायला घालून दिलेली रक्कम. मालकाच्या बँकखात्यात किती का शून्यं असेनात, ठरलेल्या आकड्यापलीकडे त्याने खेळाडूंवर एक पैसा खर्च करायचा नाही. २०२२ साली हा आकडा ९० कोटी होता, २०२३ साठी ९५ झाला. म्हणजे महागाईभत्ता धरायला हरकत नाही. एखादा नवा खेळाडू हवासा वाटला, तर आधीचा कुणीतरी कमी करायचा. थोडक्यात, नवा फ्रिज घ्यायचा तर यंदा महाबळेश्वर नाही. श्रीमंताला वर्षातून एकदा तरी मध्यमवर्गीय करून सोडणारा हा नियम ज्याने काढला, तो माझ्या मते चाळीत वाढलेला असणार.

या विषयातलं माझं शिक्षण विरारच्या गाडीत झालं. माझ्या निवृत्तीला तेव्हा थोडे दिवस उरले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या डब्याने दिल्लीचा संघ चालवायला घेतला होता. तुम्ही म्हणाल, विरारच्या गाडीला दिल्लीचं काय? तर दिल्लीच्या संघात तेव्हा आमच्या लाइनीवरचे दोन मोहरे होते. एक पृथ्वी शॉ, आमच्या विरारचा. लहानपणी वडिलांबरोबर क्रिकेटची बॅग घेऊन विरारहून वांद्र्याला जायचा आणि २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या एका डावात ५४६ धावा काढून बसला. दुसरा शार्दूल ठाकूर, पालघरचा. तोही किटबॅग सांभाळत गाडीच्या गर्दीतूनच मोठा झाला. लोक त्याला 'पालघर एक्स्प्रेस' म्हणतात ते उगीच नव्हे. ज्याने विरारच्या गाडीत किटबॅगेसह चढून दाखवलं, त्याला ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजीचं काय भय?

दिल्लीने शॉला साडेसात कोटींना राखलेलं होतं आणि शार्दूलला लिलावात १० कोटी ७५ लाखांना घेतलेलं होतं. शार्दूलने त्या हंगामात १५ बळी घेतले, पण धावाही सढळ हाताने वाटल्या. आता पुढच्या लिलावाआधी पैसे मोकळे करायचे तर कुणाला द्यायचं? ऋषभ पंत १६ कोटींचा. तो घरातला देव्हारा, त्याला कोण हलवणार? प्रश्न उरला आमच्या दोघांचा. डब्याची सरळ दोन शकलं झाली. डहाणूच्या गाडीने येणारे पालघरवाले आणि विरारला चढणारे विरारवाले यांच्यात बसायच्या जागेवरून वैर होतंच. त्याला आता तात्त्विक बैठक मिळाली. पालघरवाले म्हणत, "अहो, जो चार षटकं टाकतो आणि वर खाली येऊन ठोकतोही, त्याला काढतात का कुठे?" विरारवाले म्हणत, "पावणेअकरा कोटी, राव! तेवढ्यात तीन माणसं येतात." नालासोपाऱ्याचे एक गृहस्थ तटस्थ होते, कारण त्यांना बोलण्याइतका श्वास घ्यायला जागाच मिळत नसे.

शेवटी शार्दूल कोलकात्याला गेला. विरारवाल्यांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवलं. डिसेंबरच्या लिलावात दिल्लीने मुकेश कुमारला साडेपाच कोटींना घेतलं, राइली रूसोला ४ कोटी ६० लाखांना आणि इशांत शर्माला ५० लाखांना. आमच्या एका बँकवाल्याने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बेरीज मांडली: १० कोटी ६० लाख. शार्दूलच्या पैशांत तिघे येऊन वर १५ लाख कोथिंबिरीला उरले. यापेक्षा चोख बाजारहाट कुणी केला असेल? एवढा चोख हिशोब करून दिल्ली २०२३ मध्ये दहा संघांत नववी आली. शार्दूलने त्याच हंगामात ईडन गार्डन्सवर बंगळूरच्या गोलंदाजांना २९ चेंडूंत ६८ धावा झोडल्या. त्या दिवशी डहाणूची गाडी वेळेवर आली असती, तरी पालघरवाल्यांना तेवढा आनंद झाला नसता.

"पण दिल्लीने दिलाच का तो?" असं मी त्या रात्री घरी जेवताना म्हणालो. आमच्या हिला क्रिकेटमधलं फारसं कळत नाही, त्यामुळे ती नेमकं बोलते. वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, मागितला म्हणून दिला."

या उत्तरामागे तीस वर्षांचा अभ्यास आहे. आमच्या घरी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. माझ्या माहितीत खेळाडूंच्या अदलाबदलीचं शास्त्र तिच्याइतकं कुणालाच अवगत नव्हतं. आमची वन रूम किचनची जागा, त्यात एकच गोदरेजचं कपाट. ही आमची पर्स. दिवाळीत नवीन काही आलं की जुनं काहीतरी जायलाच हवं, नाहीतर कपाटाचं दार लागत नसे. हिच्या मते जायला सर्वांत योग्य म्हणजे माझा चॉकलेटी सफारी सूट. शिवून पंधरा वर्षं झाली होती आणि पँट कमरेपाशी यायला तयार नव्हती. बोहारणीने तो दोन बोटांत धरला, उजेडाकडे नेला आणि मेलेल्या उंदरासारखा बाजूला ठेवला. "ह्यो नको बाई. जरीची हाय का येखादी?"

"सूटबरोबर दोन शर्ट घे."

"शर्टं पन नको. ती मोरपंखी दाव की."

बरं, मोरपंखी जुनी नव्हती, फाटलेली नव्हती, उलट हिला शोभायची. पण कढई हवी तर मोरपंखी, असा सौदा अर्धा तास चालला. शेवटी मोरपंखी गेली, कढई आली आणि सफारी सूट परत कपाटात गेला. तो अजून तिथेच आहे. मी म्हटलं, "अगं, नको ते द्यायचं सोडून हवं ते कशाला दिलंस?" त्यावर ही म्हणाली, "नको ते देऊन हवं ते मिळत असतं, तर तुम्हाला मी केव्हाच नाही का देऊन टाकलं असतं?"

हे वाक्य मला नवरा म्हणून झोंबलं. पण अर्थशास्त्र म्हणून त्यात काही खोट काढता येईना. आपल्याला जो नकोसा झालेला असतो, त्याचा भाव आपण एके काळी हौसेने चढवून ठेवलेला असतो. तो भाव पाहून दुसरा कुणी हात लावत नाही. दुसऱ्याला हवा असतो तो नेमका आपल्यालाही हवा असतो. म्हणजे 'कुणाला द्यायचं' हे आपण ठरवतो, हा निव्वळ देखावा आहे. ते बोहारीण ठरवते.

आणि हे वसईकराला कुणी सांगायची गरज नाही. गुजरातचा बहादूरशहा हुमायूनने पेचात धरल्यावर पोर्तुगीजांचा आधार शोधू लागला. त्याला वाटलं असतं तर एखादं ओसाड बेट देऊन त्याने बोळवण केली असती. पण डिसेंबर १५३४ मध्ये द्यावी लागली ती वसई. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. पुण्याची गादी परत हवी होती; त्याबदल्यात इंग्रजांच्या पलटणी पोसायला २६ लाखांच्या वसुलाचा मुलूख तोडून दिला. इंग्रजांनी त्यात सफारी सूट घेतल्याची कुठे नोंद नाही.

माझा एक भाचा टोरांटोला असतो. तिकडच्या बर्फावरच्या हॉकीत २००५ पासून खेळाडूंच्या पगाराला असंच वरचं झाकण बसवलं आहे. पहिल्या हंगामात ते ३ कोटी ९० लाख डॉलरचं होतं. दर उन्हाळ्यात तो फोन करून त्यांच्या संघातून कुणाला द्यायला हवं ते मला सांगतो. मला हॉकीतली ती गोटी टीव्हीवर दिसतसुद्धा नाही, तरी मी विचारतो, "त्याला मागतंय का कुणी?" यावर पलीकडे बराच वेळ शांतता असते. आंतरराष्ट्रीय दराची शांतता. त्यांच्या मेपल लीफ्सनी १९६७ साली कप जिंकला, त्यानंतर २०२५ पर्यंत तरी नाही. त्यामुळे पोराला शांत राहण्याची सवय आहे.

आमच्या दोघांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात शार्दूलचं नाव पुकारलं, कुणी बोली लावली नाही. शॉचं पुकारलं, कुणी लावली नाही. पालघरवाले आणि विरारवाले त्या आठवड्यात एकमेकांना बसायला जागा देत होते, असं गाडीतल्या जुन्या मित्रांनी मला सांगितलं. मग एकाला दुखापत झाली म्हणून मार्च २०२५ मध्ये लखनौने शार्दूलला २ कोटींना बोलावलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईने त्याला लखनौकडून मागून घेतलं. शॉला डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा दिल्लीनेच घेतलं, ७५ लाखांना. साडेसात कोटी आणि पाऊण कोटी यांत फरक फक्त दशांश चिन्हाचा. ते एक घर डावीकडे सरकलं. मी शाळेत असताना अशा चुकीला अर्धाच मार्क कापत.

हे सगळं ज्ञान पाठीशी असताना गेल्या जानेवारीत मला मालक व्हावं लागलं. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये टेनिस बॉलच्या सामन्यांना आता लिलाव असतो. प्रत्येक विंगचा संघ, संघाला मालक. मालक म्हणजे टी-शर्ट आणि वडापाव यांचे पैसे देणारा इसम. पॉइंट खोटे, पण चेहरे लिलावातल्यासारखे खरे. यंदा कमिटीने नियम काढला की जुने खेळाडू ठेवायचे तर त्यांची बेरीज आठ हजार पॉइंटांत बसली पाहिजे. आमची नऊ हजार तीनशे भरली. तेराशे कमी करायचे होते.

उत्तर सोपं होतं: डॉक्टर. दोन हजारांचे. मागच्या वर्षी 'हे कॉलेजकडून खेळायचे' एवढ्या ऐकीव माहितीवर घेतलेले. कॉलेज दातांचं होतं हे नंतर कळलं. चेंडू त्यांच्याकडे आला की ते त्याला 'आ' करायला सांगतात की काय असं वाटे. मी चार विंगच्या मालकांकडे जाऊन आलो. डॉक्टरांचं नाव काढलं की जो तो चहा मागवायचा. एकाला मी डॉक्टरांच्या जोडीला दोन फोल्डिंगच्या खुर्च्या द्यायलाही तयार होतो. चार पोरं तीनशे-सव्वातीनशेची होती, ती काढली असती तरी बेरीज जमत होती; पण ती पहाटे येऊन फक्कीच्या रेषा मारायची आणि झाडीतून चेंडू शोधून आणायची. त्यांना काढून सामना कुणाच्या जिवावर भरवायचा?

ई विंगचे मालक मात्र चहा न मागवता म्हणाले, "तो डावखुरा द्या. आमचा दोनशेचा स्पिनर घ्या. बसतंय तुमचं."

डावखुरा पंधराशेचा. दोनशेचा स्पिनर घेऊन बरोबर तेराशे सुटत होते. गणित इतकं सुरेख बसलं की मला धडकी भरली. हा मुलगा तळमजल्यावर राहतो, वडील नाहीत, वालीवला एका कारखान्यात रात्रपाळी करतो. आई आमच्याकडे पोळ्या करते. सकाळी पाळी संपवून तसाच मैदानावर यायचा आणि आधी माझ्या हातातली खुर्ची काढून घ्यायचा. "काका, तुम्ही उचलू नका." दोन रात्री मला झोप लागली नाही. ही म्हणाली, "कढई घेताना मला तरी कुठे लागली होती?"

आयपीएलमध्ये अदलाबदल करायची तर खेळाडूची संमती लागते. आमच्या कमिटीच्या नियमांत हे नव्हतं, पण मी त्याला विचारायला गेलो. तो डबा धूत होता. मी बराच वेळ पर्स, झाकण, तेराशे पॉइंट वगैरे समजावलं. वसईच्या तहापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात त्याने विचारलं, "काका, तिकडे नवा बॉल मला देतील?"

आमच्याकडे नवा चेंडू डॉक्टर टाकत. दोन हजारांच्या माणसाला जुना कसा द्यायचा?

"देतील," मी म्हटलं.

"मग द्या ना." डबा उपडा ठेवून तो म्हणाला, "पण आपला टी-शर्ट परत नाही करणार हां."

दुसऱ्या रविवारी आमची गाठ ई विंगशी पडली. पहिलाच चेंडू त्याने डॉक्टरांना टाकला. मधली यष्टी जिन्यापर्यंत गेली. ती उचलून आणताना तो माझ्या खुर्चीपाशी थांबला, खुर्ची उन्हातून थोडी सावलीत सरकवली आणि परत गोलंदाजीला गेला. त्या डावात त्याने आमचे पाच गडी काढले. दोनशेच्या स्पिनरने चष्मा पुसला.

पोळ्या झाल्यावर आता रोज त्याची आई आणि आमची ही यांचं स्वयंपाकघरात काहीतरी खलबत चालतं. परवा ही मला म्हणाली, "पुढच्या वर्षी त्याला परत आणा."

"अगं, त्याचा भाव आता तीन हजारांवर जाईल. कुणाला देऊन आणू?"

आम्ही दोघांनी गॅलरीतून खाली पाहिलं. डॉक्टर एकटेच नेटमध्ये सराव करत होते. त्यांनी नवे बूट घेतले होते.