डाव्या कानातला खर्ज

वायरीच्या इअरफोनचा आवाज कसा आहे, या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या इअरफोनची तपासणी करून देता येत नाही, कारण तो कानात बसवल्यावर त्याच्यातला कंप पावणारा पडदा, पुढची बारीक नळी, तिच्यावरची रबराची टोपी आणि ऐकणाऱ्याची कर्णनलिका मिळून एकच बंदिस्त पोकळी तयार होते आणि जे ऐकू येते ते त्या सबंध पोकळीचे असते. खोलीत ठेवलेल्या स्पीकरचा आवाज खोलीप्रमाणे बदलतो हे सर्वांना मान्य असते. इअरफोनच्या बाबतीत ती खोली म्हणजे सुमारे २.५ सेंटिमीटर लांबीची, ७ ते ८ मिलिमीटर रुंदीची, वाटेत दोनदा वळणारी नळी होय, आणि ती माणसागणिक निराळी असते, पुष्कळदा एकाच माणसाच्या दोन बाजूंनाही निराळी असते. म्हणूनच आवाजाचा दर्जा आणि कानातली सुखावहता या दोन गोष्टींना वेगवेगळे गुण देण्याची जी रीत पडली आहे, ती प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. जो इअरफोन कानात नीट बसत नाही त्याचा आवाज त्या कानापुरता तरी वाईटच असतो.

पारख करताना काय ऐकावे याविषयी जाणकारांत एकमत नाही आणि ते असण्याची गरजही नाही. ज्या वाद्याचा खरा, विजेवाचूनचा आवाज अंगात मुरलेला आहे तेच वाद्य ज्याने त्याने प्रमाण मानावे. प्रस्तुत लेखकाच्या घरी मिरजेहून आणलेला, काळी एकच्या सुरात लावला जाणारा तंबोरा होता आणि तो छेडला जात असताना त्याच्या भोपळ्याला कान लावून बसण्याची मुभा लहानपणी मिळाली होती, त्यामुळे पुढच्या सर्व आयुष्यात प्रत्येक इअरफोनला आधी तंबोऱ्यापुढे उभे राहावे लागले. या वाद्याची तार घोडीच्या कडेवरून एकदम मोकळी होत नाही. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, कंप पावणारी तार त्याच्यावर टेकत आणि सुटत राहते, आणि तारेखाली सरकवलेला सुती दोरा हा स्पर्श नेमका कोठे व्हावा हे ठरवतो. या जुळणीला जवारी म्हणतात. तार जेथे छेडली जाते त्या बिंदूवर ज्या अंशस्वरांची हालचाल शून्य असते (अंशस्वर म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांचे सूक्ष्म स्वर), ते अंशस्वर नेहमीच्या नियमाप्रमाणे उमटू नयेत, परंतु तंबोऱ्यात तेही स्पष्ट उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवून दिले होते. काळी एकच्या तंबोऱ्यात जोडाच्या तारा सेकंदाला सुमारे १३९ वेळा, म्हणजे १३९ हर्ट्झला, कंप पावतात आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. त्या खर्जाच्या पाचव्या अंशस्वरातून गवई ज्याला स्वयंभू गांधार म्हणतात तो उमलतो आणि त्याच्या वर जवारीचे झगमगते तेज कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढत जाते.

अशा वाद्यापुढे दोष झाकून राहत नाहीत. इअरफोनने ७,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग फुगवला असेल तर जवारी काचेसारखी किणकिणू लागते, ३,००० च्या आसपासचा भाग दाबला असेल तर दोरा निसटल्यासारखी ती मिटून जाते, आणि टोपी व कातडी यांच्यामध्ये फट राहिली असेल तर खर्ज पातळ होतो. यांतला शेवटचा दोष ओळखणे सर्वांत कठीण आहे. फटीतून हवा निसटली की पडद्याच्या मंद हालचालीने पोकळीत दाब निर्माण होत नाही आणि खालच्या वारंवारता नाहीशा होतात, परंतु माणसाचा मेंदू वरच्या अंशस्वरांवरून गहाळ झालेला मूळ स्वर भरून काढतो, त्यामुळे खर्जाचा स्वर ऐकू येतच राहतो आणि हरवते ते फक्त त्याचे वजन. डग्ग्याचा घुमारा नाहीसा झाला तर ते चटकन लक्षात येते. खर्जाचे वजन मात्र वर्षानुवर्षे हरवलेले राहू शकते. तसे ते राहिले, हे पुढे येईलच.

ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर मिळणारे, एकाच कानात घालायचे, फिकट पिवळसर रंगाचे बोंड ही प्रस्तुत लेखकाच्या पिढीची इअरफोनशी पहिली ओळख. त्यातून बोलणे समजावे एवढीच अपेक्षा असे आणि क्रिकेटच्या समालोचनाला ते पुरेही. सोनी कंपनीचा वॉकमन १९७९ मध्ये जपानात आला आणि त्याच्या व त्याच्यासारख्या यंत्रांच्या रूपाने कानावर टेकणाऱ्या, स्पंजाच्या गोल गाद्यांचे हलके हेडफोन इकडच्या घरांत पोचले. दोन-तीन पावसाळ्यांत त्या स्पंजाचा भुगा होत असे. त्यानंतर कानाच्या पाळीतल्या खोलगट भागात नुसते अडकवायचे बटणासारखे इअरफोन आले. ते नळीचे तोंड बंद करत नसत, म्हणून त्यांत खर्ज जवळजवळ नसे, आणि कानाचा तो खळगा लहान असलेल्या माणसाला तासाभरात तेथे ठसठस सुरू होई.

नळीत शिरून तिचे तोंड बंद करणारा इअरफोन ही कल्पना संगीताच्या बाजूने नव्हे, बहिरेपणावरील उपायांच्या बाजूने आली, आणि ही गोष्ट विसरली जाते याची प्रस्तुत लेखकाला खंत वाटते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मीड किलियन यांनी स्थापलेल्या एटिमोटिक रिसर्च या संस्थेने १९९१ मध्ये ईआर-४ हा इअरफोन बाजारात आणला. त्यात श्रवणयंत्रात वापरतात त्या जातीचा ध्वनिजनक, म्हणजे दोन चुंबकांच्या मधोमध तोललेली लोखंडी पट्टी हलवून चिमुकला पडदा कंपवणारी डबी, बसवलेला होता. पुढे १९९५ मध्ये ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ड्रमवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी, व्यासपीठावरच्या गोंगाटात स्वतःचे वादन ऐकू यावे म्हणून, त्यांच्या कानाच्या साच्याबरहुकूम इअरफोन घडवले आणि त्यातून वादकांसाठीच्या इअरफोनांचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला.

नळी बंद केल्याने एक अडचण उद्भवते, आणि दर्जाविषयीचे बहुतेक वाद तिच्याभोवती फिरतात. उघड्या कानाची नळी कानाच्या पडद्याच्या टोकाला बंद आणि बाहेर मोकळी असल्याने ती साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच १० डेसिबलांहून अधिक वाढवते. माणूस जन्मापासून जग ऐकतो ते या वाढीसकट. इअरफोनने नळी दुसऱ्या टोकालाही बंद केली की हा अनुनाद तेथून नाहीसा होतो आणि ७,००० ते ८,००० हर्ट्झकडे सरकतो, म्हणून रचनाकाराला हरवलेली वाढ आपल्या हाताने परत घालावी लागते. ती किती घालावी हे ठरवण्यासाठी कानाची नक्कल करणारी धातूची नळी वापरतात, जिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८१ मध्ये ठरले. आणि श्रोत्यांना कोणता समतोल आवडतो याचे पद्धतशीर प्रयोग शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या हर्मन कंपनीतील सहकाऱ्यांनी २०१० नंतरच्या दशकात केले. या कामाचे मोल मोठे आहे, आज थोड्या पैशांत चांगला वायरीचा इअरफोन मिळतो त्यामागे अशाच मोजमापांची शिस्त आहे. तरीही धातूची ती नळी सरासरी कान आहे, आणि सरासरी कान कोणाच्याच डोक्याला नसतो. टोपी दोन मिलिमीटर अधिक आत गेली तरी वरचा अनुनाद सरकतो आणि एकाला रेशमी वाटणारी जवारी दुसऱ्याला बोचू लागते.

वायरीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण वायरीच्या इअरफोनचे आयुष्य आणि मरण दोन्ही तिच्यातच असते. कानात बसवलेल्या इअरफोनची वायर सदऱ्याला घासली की तो खरखराट थेट नळीत पोचतो, आणि नळी बंद असल्यामुळे तो संगीताइतकाच जवळचा वाटतो. वायर कानावरून मागे वळवून घातली की तो पुष्कळ कमी होतो. आतल्या तारा केसासारख्या बारीक, प्रत्येकीवर लाखेसारख्या रंगीत लेपाचे आवरण आणि वाकणे सोसावे म्हणून त्यांच्यात दोऱ्याचे धागे मिसळलेले, अशी ही रचना साध्या विजेच्या वायरीपेक्षा अगदी निराळी असते. ती तुटते ती बहुधा दोनच जागी, साडेतीन मिलिमीटरच्या पिनेच्या मानेशी किंवा जेथे एका वायरीच्या दोन होतात तेथे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशी वायर जोडून देणारे कारागीर प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिले आहेत: तारांचा लेप आधी जाळून काढायचा, जळालेला धागा नखाने खरवडायचा, मग उजव्याची, डाव्याची आणि दोघांच्या समाईक परतीची तार पिनेच्या तीन भागांना सोल्डर करायची, आणि शेवटी स्वतःच्या कानाला लावून दोन्हीकडे आवाज येतो की नाही हे पाहायचे. घामाने पारदर्शक आवरणाखालचे तांबे हिरवे पडते, त्याला मात्र कोणाकडे इलाज नसतो. २०१६ नंतर अनेक मोबाइल फोनांतून ही पिन लावायची जागाच गेली. पण सेलवाचून चालणारी, उघडून पुन्हा जोडता येणारी वस्तू ज्या हातांनी दुरुस्त झाली त्या हातांचे कौशल्य तिच्याबरोबर जाऊ नये असे मनापासून वाटते.

सुखावहतेचा विचार करताना नळीची रचना ध्यानात घ्यावी लागते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, म्हणजे लवचिक हाडासारख्या ऊतीचा असतो. आतला भाग हाडाचा असून त्यावरची कातडी इतकी पातळ असते की तेथे टोपीचा जरासा दाबही सहन होत नाही. चघळताना आणि बोलताना जबड्याच्या सांध्याबरोबर नळीचा आकार बदलतो, म्हणून दुकानात शांत बसून घट्ट वाटलेली टोपी सुपारी चघळताना सैल पडते. काही थोड्या लोकांना नळीला स्पर्श होताच खोकला येतो, कारण तेथे वेगस या लांब पल्ल्याच्या मज्जातंतूची एक शाखा पोचलेली असते; तो खोकला म्हणजे आजार नव्हे. नळी बंद झाली की दडे बसल्यासारखे होते, स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि चालताना टाच टेकल्याचा ठोका ऐकू येतो, कारण हाडांतून आलेले मंद कंप एरवी नळीच्या तोंडातून बाहेर पडत असतात आणि आता ते कोंडले जातात. या कोंडण्याचा एक उपकारही आहे. लोकल गाडीच्या खडखडाटात उघड्या इअरफोनने ऐकणारा आवाज वाढवत नेतो, तर दाबून बसणाऱ्या फोमच्या टोपीने बाहेरचा गोंगाट अडवला म्हणजे कमी आवाजातही तंबोरा ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे आणि तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो.

आवाज मोठा असला की तो चांगला वाटतो, ही फसवणूक येथे सांगितलीच पाहिजे. दोन इअरफोनांतला एक जेमतेम एका डेसिबलाने मोठा वाजत असला तरी ऐकणारा त्याला अधिक स्वच्छ किंवा अधिक भरीव म्हणतो, मोठा म्हणत नाही. म्हणून तुलना करण्याआधी दोघांचा आवाज सारखा करून घेणे ही पहिली अट आहे. दुसरी अट उजवा आणि डावा यांची अदलाबदल करून पाहणे ही, आणि ती प्रस्तुत लेखकाने कित्येक वर्षे पाळली नाही. एकामागून एक घेतलेल्या चार इअरफोनांत डावीकडचा खर्ज पातळ लागत होता आणि चारही वेळा दोष वायरीला, पडद्याला किंवा बनवणाऱ्याला दिला गेला.

पन्नाशी उलटल्यावर श्रवणतपासणी झाली तेव्हा मिळालेल्या आलेखात २५० आणि ५०० हर्ट्झच्या मंद स्वरांना दोन्ही कान तंतोतंत सारखे होते, म्हणजे डावा कान खर्जाला कमजोर नव्हता. डाव्या आलेखात ४,००० हर्ट्झपाशी मात्र खाच होती, जी मोठ्या आवाजाच्या सहवासाने पडते. त्याच वेळी कानांचे साचेही घेतले गेले: दोरा बांधलेला फोमचा बोळा दुसऱ्या वळणापलीकडे ठेवून मऊ सिलिकॉन आत सोडले आणि काही मिनिटे जबडा न हलवता बसावे लागले. निघालेले दोन साचे टेबलावर शेजारी ठेवले तेव्हा डावा उजव्यापेक्षा उघड जाड होता आणि त्याच्या तोंडाचा आकार गोल नसून लांबट होता. दोन्ही बाजूंना एकाच मापाच्या टोप्या घालण्याचा प्रघात इतका अंगवळणी पडला होता की डबीतल्या उरलेल्या टोप्यांकडे कधी लक्षच गेले नव्हते. आता उजवीकडे मध्यम आणि डावीकडे मोठी टोपी असते. काळी एकचा तंबोरा लावला की खर्ज डोक्याच्या मधोमध, पूर्वी भोपळ्यातून येई तसा, वजनासह उभा राहतो आणि त्यातून गांधार सुटतो. जवारीचे वरचे तेज पूर्वीपेक्षा मावळले आहे आणि उजव्या कानात ते थोडे अधिक शिल्लक आहे.