प्रशिक्षणाचे उरलेले तीन महिने

परदेशात विशेषज्ञ होऊन आलेल्या डॉक्टरांविषयी आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक एवढंच, की कोण परतलं आणि कोण तिकडेच राहिलं. अतिदक्षता हा माझा विषय आहे, आणि त्या बाजूने पाहता मला वेगळाच प्रश्न मोठा वाटतो : परतले तेव्हा त्यांचं शिक्षण पुरं झालेलं असतं का? माझ्या मते नसतं. तिकडची पात्रता अस्सल असते, पण ती तिकडच्या रुग्णांवर घडलेली असते. म्हणून परतलेल्या प्रत्येक विशेषज्ञाने शहरात रुजू होण्याआधी पुणे जिल्ह्यातल्या मंचर, घोडेगाव, जुन्नर अशा ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात तीन महिने काम करावं, आणि तो काळ प्रशिक्षणाचाच भाग धरला जावा.

मण्यारीचंच घ्या. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दात बारीक, सूज नाही, दुखणं नाममात्र. पुष्कळदा चावल्याचं कळतच नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास उथळ होत जातो. पोटदुखीचं औषध देऊन घरी पाठवलं तर रुग्ण हातचा जातो. हे विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. त्यामुळे लुळेपणा पुरता आल्यावर प्रतिविष देऊनही तो लगेच ओसरत नाही; ती टोकं पुन्हा सावरेपर्यंत, काही दिवस, व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. या दिवसांत बाहुल्या विस्फारून स्थिर झालेल्या असू शकतात, हातपाय हलत नाहीत, आणि मेंदू मृत झाल्याचाच भास होतो. प्रत्यक्षात रुग्ण आतून जागा असू शकतो, सगळं ऐकत असू शकतो, आणि श्वास चालू ठेवला तर पूर्ण बरा होऊ शकतो. ब्रिटनमध्ये रानात आढळणारा विषारी साप एकच, ॲडर, आणि त्याच्या दंशाने मृत्यू अगदी विरळा. तिथे वर्षानुवर्षं उत्तम अतिदक्षता शिकलेल्या डॉक्टरने असा रुग्ण एकदाही पाहिलेला नसतो. टोमॅटो-द्राक्षांच्या पट्ट्यातल्या फवारणीच्या विषबाधेचंही तसंच. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक पोटात गेलं असेल तर छाती मोकळी होईपर्यंत ॲट्रोपिन वाढवत न्यायचं असतं, आणि ते किती न्यावं लागतं याचा अंदाज पुस्तकातून येत नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावर वर्षानुवर्षं काम करत आहेत. असं ज्ञान याच मातीत साठलेलं आहे.

मग परदेशी जायचंच कशाला, असं कोणी विचारेल. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं उदाहरणही पुढे करता येईल. विंचूदंशावर प्राझोसिन उपयोगी पडतं हे त्यांनी रायगड जिल्ह्यातल्या कामातून दाखवलं आणि 1986 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्यासाठी परदेशी पदवी लागली नव्हती. हा आक्षेप मी मान्य करतो, पण तो अर्धाच खरा आहे. परदेशात मिळते ती शिस्त : वरिष्ठांच्या नजरेखाली केलेलं दीर्घ काम, प्रत्येक मृत्यूची मोकळी चिकित्सा, नर्सच्या शंकेला डॉक्टरच्या मताइतकीच किंमत. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्सला गेले ते मोजमापाचं शास्त्र शिकायला. परतून गडचिरोलीत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, दुसऱ्या गावांशी आकडे ताडून पाहिले, आणि नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली जगापुढे मांडलं. मोजायची पद्धत बाहेरून आली. काय मोजायचं ते गडचिरोलीने ठरवलं. जुन्नरकरांना तर दाखला दारातच आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप स्टॅनफर्डहून पीएच.डी. करून 1963 साली परतले, आणि पुढे खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. तिच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, ताणलेल्या तारांच्या जाळीच्या आहेत, कारण ज्या लांब लहरी टिपायच्या त्यांना जाळी पुरते आणि वाऱ्याचा भार कमी होऊन खर्चही आवाक्यात राहतो.

विशेषज्ञ तालुक्याला येऊन करणार काय, यंत्रं कुठे आहेत, असंही म्हटलं जातं. मेंदूच्या शस्त्रक्रियेपुरतं ते खरं आहे. मण्यारीच्या रुग्णाला मात्र हवी असते वेळेवर घातलेली श्वासनळी, प्रतिविष, एक व्हेंटिलेटर आणि रात्रभर जागं असलेलं माणूस. आहुपे किंवा आंबे-हातवीजहून निघालेला रुग्ण घाट उतरून येतो तेव्हा नळी आत्ता घालायची की पुण्याला पोचेपर्यंत थांबायचं, हा निर्णय कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाचा असतो. सक्ती केली तर लोक परतणारच नाहीत, ही भीती मला अधिक गंभीर वाटते. पण इथे एमडी-एमएस करणाऱ्यांना जिल्हा पातळीवर तीन महिन्यांची निवासी सेवा आता करावीच लागते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधल्या विशेषज्ञतेला 2008 पासून आपल्याकडे मान्यता मिळते, त्या वाटेने येणारा तेवढा यातून सुटतो. त्याला पूर्ण पगार, राहायला धड घर आणि अनुभवी स्थानिक डॉक्टरचं मार्गदर्शन दिलं, तर तीन महिने कोणी शिक्षा मानणार नाही. आणि शिकणं दोन्ही बाजूंनी होईल : तो घोडेगावात मृत्यूंची चिकित्सा सुरू करेल, घोडेगाव त्याला मण्यार ओळखायला शिकवेल. पुढे तो पुण्यातच बसला तरी चालेल. रात्री तालुक्याहून फोन येईल तेव्हा पापण्या उघडतात का, रुग्ण जमिनीवर झोपला होता का, हे तो आपणहून विचारेल आणि रुग्णवाहिका निघण्याआधीच सल्ला देऊ शकेल.