नाव सांगण्याची गोष्ट

कायद्याच्या दृष्टीने वाहनाला एक मालक असतो. आपल्या घरांत मात्र ते पाटाच्या पाण्यासारखे असते. ज्याची पाळी येईल त्याने वापरावे. नोंदणीपुस्तकात नाव मुलाचे, हप्ते वडिलांचे, पेट्रोल ज्याच्या खिशात पैसे असतील त्याचे आणि किल्ली खुंटीवर. शेजारच्या काकूंना दवाखान्यात न्यायचे असले तरी कोणी मालकाला विचारीत बसत नाही. ही पद्धत मला मनापासून आवडते. रस्त्यावर कॅमेरे उभे राहिल्यापासून मात्र तिच्यात एक अडचण आली आहे. कॅमेऱ्याला नंबर वाचता येतो, माणूस ओळखता येत नाही.

माझ्या नावावरच्या स्कूटरचे असेच झाले. एके दिवशी मोबाइलवर ई-चलन आले. महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंड १००० रुपये! सोबतच्या छायाचित्रात स्वच्छ वाचता येणारा नंबर आणि हेल्मेट घातलेल्या एका माणसाची रुंद पाठ. त्या तारखेला, त्या वेळेला मी महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या तासाला बसलो होतो. पाठ मामांची होती. आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मामा तिला घेऊन आमच्याकडे आले होते आणि त्या दिवशी शेतासाठी ठिबकच्या नळ्या पाहायला स्कूटरवरून गेले होते.

चलन दाखविताच मामांनी हजार रुपये काढून टेबलावर ठेवले. बाबा म्हणाले, "भरून टाक आणि मोकळा हो." मी म्हटले, "पैशांचा प्रश्न नाही, नोंद माझ्या नावावर राहते." माझा परवाना जेमतेम सहा महिन्यांचा. वेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा घडला तर परवाना अडकवून ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. उद्या माझ्याकडून कधी तसे घडलेच, तर माझा पहिलाच गुन्हा दुसरा ठरायचा! यावर आजी डोळ्यावरची हिरवी पट्टी सावरीत म्हणाली, "म्हणजे भाचा आता मामाचं नाव पोलिसांत देणार?"

मी गप्प झालो. चहाडी करू नये, हे आपल्याला अक्षरओळखीच्याही आधी शिकविलेले असते. वर्गातली काच कोणी फोडली हे न सांगता साऱ्या वर्गाने छड्या खाल्ल्या, तर तो वर्ग शूर ठरतो. मग घरच्या माणसाचे नाव कसे घ्यायचे?

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात मोटार वाहन कायदा काढून वाचला. १९८८ च्या या कायद्याचे १३३ वे कलम सांगते की, चालकावर गुन्ह्याचा आरोप असेल आणि अधिकार असलेल्या पोलीस अधिकाऱ्याने विचारले, तर मालकाने चालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती दिली पाहिजे. १९३९ च्या जुन्या कायद्यातही मालकावर हे कर्तव्य होतेच. रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवण्याचे १३६-अ हे कलम त्या मानाने कालचे, २०१९ च्या दुरुस्तीतले. अल्पवयीन मुलाने गाडी चालविली तर पालकाला किंवा मालकाला दोषी धरणारे १९९-अ कलमही त्याच दुरुस्तीने आले. पण आमचे मामा काही अल्पवयीन नव्हते! वेग त्यांचा होता. माझ्याकडे होते ते फक्त उत्तर.

एका मित्राने सोपा उपाय सुचविला. "दुबईला गेलेल्या कोणाचं तरी नाव ठोकून दे. कोण विचारायला जातंय?" असा उपाय ऑस्ट्रेलियात एका मोठ्या माणसाने करून पाहिला होता. मार्कस आइनफेल्ड हे तिथल्या संघीय न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. २००६ साली कॅमेऱ्याने त्यांची गाडी टिपली. दंड होता अवघा ७७ डॉलर. त्यांनी शपथेवर सांगितले की, गाडी आपली मैत्रीण चालवीत होती. ती मैत्रीण २००३ सालीच वारली होती! २००९ मध्ये न्यायमूर्तींना तीन वर्षांची शिक्षा झाली.

ही हकीकत वाचून मित्राच्या उपायाचे आकर्षण संपले, पण आजीचा प्रश्न उरलाच. विचार करता करता एवढे उमगले की, चहाडी पाठीमागे होते. तोंडावर जे सांगता येते ती चहाडी नव्हे. म्हणून मी अर्ज लिहिला आणि पाठविण्यापूर्वी मामांना वाचून दाखविला. त्यांनी तो पुन्हा एकदा स्वतः वाचला. मग खिशातून परवाना काढून माझ्यापुढे ठेवला आणि "त्या वेळी स्कूटर मी चालवत होतो" असे स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली. म्हणाले, "हजार रुपये काढताना काही वाटलं नव्हतं रे. सही करताना वाटलं."

अर्जासोबत हजेरीचा दाखला जोडायचा होता. आमच्या प्राध्यापकांनी तो हसतच दिला. हजेरीपटाचा असा उपयोग त्यांनीही प्रथमच पाहिला असावा. अर्जाचा निकाल अजून लागायचा आहे.

त्यानंतर मामा आठ दिवस आमच्याकडे होते. स्कूटर बेताने चालवीत. पण किल्ली घेण्यापूर्वी दर वेळी मला विचारीत, "नेऊ का रे?" त्यांचे ते विचारणे रास्तच होते. तरी प्रत्येक वेळी मला ते कुठेतरी लागले.