अस्वल काय खाते?

प्रवासाला निघालेला माणूस पिशवीबरोबर एक यादीही घेऊन निघतो. काशीला जाणाऱ्याची यादी घाटांची, कोकणात जाणाऱ्याची माशांची. अलास्कातल्या देनाली राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्यांची यादी पाच जनावरांची असते: अस्वल, लांडगा, मूस, कॅरिबू आणि डॉल जातीची पांढरी मेंढी. शिवाय २०,३१० फूट उंचीचा पर्वत आहेच!

२०२३ च्या ऑगस्टमध्ये माझा अमेरिकेत असणारा धाकटा भाऊ आईला आणि मला तिकडे घेऊन गेला. माझ्यासारख्या शाळामास्तराच्या खिशाला हे कुठले परवडायला! पण आईला काचबिंदू आहे. समोरचे जेमतेम दिसते, कडेचे गेले आहे. आणि गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेले. "उरलेल्या नजरेत मावेल तेवढं तिला दाखवायचं," असा भावाचा हट्ट.

उद्यानाचा रस्ता ब्याण्णव मैलांचा, पण उन्हाळ्यात स्वतःची मोटार पहिल्या पंधरा मैलांपर्यंतच नेता येते. नव्या महामार्गामुळे मोटारींची झुंबड उडेल हे ओळखून १९७२ मध्ये तिथे बस सुरू केल्या. आम्ही गेलो तेव्हा बसही त्रेचाळिसाव्या मैलावरून परतत असे. पुढे डोंगर खचल्यामुळे २०२१ पासून रस्ता बंद होता.

बसमधला शिरस्ता असा, की ज्याला जनावर दिसेल त्याने ओरडायचे. बस थांबते आणि साऱ्या माना एकाच खिडकीकडे वळतात. पहिल्यांदा दिसल्या त्या मेंढ्या. उंच कड्यावर सांडलेल्या चुरमुऱ्यांसारख्या. १९१७ मध्ये हे उद्यान झाले ते मुख्यतः त्यांच्यासाठी. त्यांची बेसुमार शिकार होऊ नये म्हणून चार्ल्स शेल्डन या निसर्ग-अभ्यासकाने खटपट केली होती, आणि तो स्वतः शिकारी होता!

"दिसल्या हो," आई म्हणाली. मुलाचे मन राखण्याचा तिचा आवाज मी ओळखतो.

मग अस्वल आले. भावाने दुर्बीण तिच्या डोळ्यांना लावली. "अगं, त्या दगडाच्या डावीकडे! आता जरा खाली!" त्याचा आवाज रडवेला झाला. आईने शांतपणे दुर्बीण माझ्या हातात दिली.

"काय करतंय रे ते?"

"खातंय."

"काय खातंय?"

मी नीट पाहिले. "बोरांसारखी बारीक फळं."

"एकेक तोडून, की ओरबाडून?"

पुन्हा पाहिले. "डहाळी तोंडातून ओढतंय. पानांसकट."

"आणि पिल्लू?"

पिल्लू! ते आतापर्यंत बसमधल्या कुणालाच दिसले नव्हते. झुडपाआडून एक तपकिरी पाठ हलत होती. मी सांगताच आई हसली. "म्हणजे हिला दोघांचं बघायचंय."

हिवाळाभर ही अस्वले बिळात काहीही न खाता पडून राहतात. पिल्ले जन्मतात तीही तिथेच, आणि उपाशी आई त्यांना पाजते. उन्हाळ्यातल्या त्या चरण्यावरच पुढचे सारे अवलंबून असते. ड्रायव्हरचे हे बोलणे मी मराठीत सांगितले, तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही.

पर्वत दिसला नाही. तीनांतल्या दोघांना तो दिसतच नाही, असे तिथे सांगतात. भाऊ ढगांकडे रागाने पाहत होता. आई मात्र थांब्यावर वाकून घोट्याएवढ्या विलोच्या झुडपावरून हात फिरवीत होती. "एवढंसंच झाड?" तिने विचारले. तिथल्या थंडीवाऱ्यात त्याला याहून उंच होणे झेपत नाही, असे मी म्हणालो. "शहाणं आहे," ती म्हणाली.

गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटांभोवती नातवंडांचा वेढा पडला होता आणि आई अस्वलाची गोष्ट सांगत होती: डहाळी, पाने, पिल्लू, सारे बारकाव्यांसह. फोनवरून ऐकणाऱ्या भावाने न राहवून विचारले, "आई, म्हणजे तुला दिसलं होतं?"

"दादाला दिसलं ना," ती म्हणाली, आणि पुढे सांगू लागली.