दुब्रोवनिकची तेरीज

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला समाज दोनच प्रश्न विचारतो. पहिला, "सध्या एफ.डी.ला काय रेट चाललाय?" आणि दुसरा, "ह्या शनिवारी बँक चालू आहे का हो?" ह्यापलीकडे आम्हाला काही कळत असेल अशी शंकासुद्धा कोणाला येत नाही. कवी आतून जळत असतो, गवई आतून भिजत असतो. बँकेतला कारकून आतूनही सुटे पैसेच मोजत असतो, असा सार्वत्रिक समज आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरी माझे वर्णन एकाच शब्दात करतात : 'हिशेबी'. हा शब्द मराठीत कौतुकाने उच्चारलेला मी कधी ऐकला नव्हता.

त्यामुळे मी क्रोएशियातल्या दुब्रोवनिक नावाच्या शहरी सहलीला जाणार असे जाहीर केले, तेव्हा आमच्या शाखेत जी शांतता पसरली ती एरवी फक्त ऑडिटर आत शिरताना पसरते.

"डब्रो... काय?" हेड कॅशियरने विचारले.

"दुब्रोवनिक. ॲड्रिअ‍ॅटिक समुद्राच्या काठी आहे. जुनं शहर, तटबंदी, निळं पाणी..."

"मग मुरूड-जंजिरा काय वाईट आहे?"

घरी आईने त्या नावाचे 'दुबरवाणी' करून टाकले. "मुलगा-सून दुबरवाणीला चाललेत," असे तिने चाळीत सांगितल्यावर शेजारच्या आजींनी तिथल्या देवीसाठी माझ्या हातावर अकरा रुपये ठेवले. ते मी वेगळ्या पाकिटात घालून घेतले. दुसऱ्याचा पैसा आपल्या पैशात मिसळायचा नाही, ही आमची शिस्त!

लग्नाला वीस वर्षे झाली म्हणून एक मुदत ठेव मोडून आम्ही एका सहल कंपनीच्या 'नऊ दिवसांत चार देश' ह्या धावपळीत नाव नोंदवले. सौ.ला दुब्रोवनिकची ओढ होती, कारण वरच्या मजल्यावरची मंडळी अजून तिथे गेली नव्हती. माझे कारण मी कोणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तरी कोणाला पटले नसते.

त्याचे असे आहे. बी.कॉम.ला असताना आम्हाला शिकवले होते की, दुहेरी नोंद पद्धतीचा जनक लुका पाचोली, साल १४९४. आम्ही तेवढे पाठ केले आणि पास झालो. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आले की, पाचोलीच्या छत्तीस वर्षे आधी, म्हणजे १४५८ साली, बेनेडिक्ट कोत्रुल्येविच नावाच्या व्यापाऱ्याने व्यापारकलेवर एक पुस्तक लिहिले होते आणि त्यात दुहेरी नोंदीचे वर्णन केले होते. व्यापारी मंडळी ही पद्धत त्याच्याही आधीपासून वापरत होती. पण ती पुस्तकात लिहून ठेवणारा, आजवर सापडलेला पहिला माणूस हा! खतावणी, रोजकीर्द आणि टाचणवही अशा तीन वह्या ठेवा, असे त्याने सांगून ठेवले आहे. बिचाऱ्याचे पुस्तक हस्तलिखितातच पडून राहिले आणि छापले गेले ते थेट १५७३ साली, व्हेनिसमध्ये. म्हणजे व्हाउचर वेळेवर, पण पोस्टिंग एकशे पंधरा वर्षे उशिरा. तोवर मान पाचोलीच्या खात्यावर जमा होऊन गेला होता. हा कोत्रुल्येविच मूळचा दुब्रोवनिकचा. गवयाने मिरजेला जावे, वारकऱ्याने पंढरपूरला. मग नावे-जमा करणाऱ्याने कुठे जायचे?

आमच्या सहलीत एकतीस माणसे होती आणि त्यांत सरळ दोन पक्ष होते. एक 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिलेल्यांचा आणि दुसरा जेवण किती वाजता आहे असे विचारणाऱ्यांचा. त्या मालिकेचे बरेच चित्रीकरण दुब्रोवनिकमध्ये झाल्यामुळे पहिला पक्ष प्रत्येक दगडाशी मोबाइल काढून जुने दृश्य जुळवून पाहत होता, सही जुळवून पाहावी तसा. जेझुइट चर्चच्या पायऱ्या १७३८ सालच्या आहेत. त्या पायऱ्यांवरून मालिकेतल्या एका राणीची धिंड काढतात. तिथे आमच्यातली कॉलेजकन्यका "शेम! शेम!" असे ओरडू लागली. ही घोषणा मी युनियनच्या गेटमीटिंगांना वीस वर्षे देत आलो आहे. त्यामुळे तिच्या सुरात सूर मिसळणारा पहिला माणूस मीच! सगळ्यांना वाटले, मी मालिका पाहिली आहे.

पण हे नंतरचे. शहरात शिरायचे ते पिले वेशीतून. तिथला झुलता पूल पूर्वी रोज रात्री उचलत आणि वेशीच्या किल्ल्या शहराच्या प्रमुखाच्या ताब्यात जात. मला आमची स्ट्राँगरूम आठवली. आत शिरताच एक नकाशा लावलेला आहे. मला वाटले, स्वच्छतागृह कुठे, हॉटेल कुठे, असले काही असेल. जवळ जाऊन पाहिले, तर १९९१-९२ च्या वेढ्यात ह्या जुन्या शहरात तोफगोळे कुठे कुठे पडले त्याची ती नोंद होती. कुठल्या छपरावर थेट गोळा पडला, कुठले घर जळाले, सगळे खुणांनी दाखवलेले. सर्वांत भयंकर मारा ६ डिसेंबर १९९१ चा. जुन्या शहरातल्या ८२४ इमारतींपैकी ५६३ इमारतींना झळ पोहोचली. तीही १९७९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या शहरातल्या! लोक त्या नकाशाला पाठ करून फोटो काढून घेत होते. मी मात्र त्याच्यापुढून हलेना.

"अहो, चला ना," सौ. म्हणाली. "बँकेतला नोटीस बोर्ड आहे का तो?"

भिंतीवर चढायचे तिकीट माणशी तीन हजार रुपयांच्या वरच पडते. रुपयांत हिशेब करू नये असे सहल कंपनीने पहिल्याच दिवशी बजावले होते. पण माशाला पोहू नको म्हणून सांगण्यातला तो प्रकार. तट एक हजार नऊशे चाळीस मीटर लांब आहे. आमच्याबरोबरचे एक निवृत्त मुख्याध्यापक दर बुरुजापाशी थांबून "आपल्या सिंधुदुर्गाची सर नाही" असे म्हणत आणि धापा टाकत. वरून खाली पाहिले की एका बाजूला निळाशार समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कौलेच कौले. काही कौले जुनी, फिकट, उन्हाने विटलेली. बरीचशी मात्र लालभडक. "किती छान रंग!" असे एक काकू म्हणाल्या. मघाचा नकाशा डोळ्यांपुढे होता, म्हणून मला काही बोलवले नाही. ती लालभडक कौले म्हणजे त्या नकाशाची दुसरी बाजू होती. तिकडे नावे, इकडे जमा.

तटाच्या पलीकडे, समुद्रातल्या खडकावर लोव्हरियेनात्स हा किल्ला आहे. जगातल्या सगळ्या सोन्याच्या बदल्यातही स्वातंत्र्य विकणे बरे नव्हे, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याच्या दारावर कोरले आहे. सोने तारण ठेवून कर्ज देणाऱ्या माणसाने हे वाचले की त्याची छाती भरून येते. पण गंमत पुढेच आहे. ह्याच दुब्रोवनिकचे गणराज्य तुर्कस्तानच्या सुलतानाला दर वर्षी १२,५०० सोन्याच्या मोहरा पोहोचवत असे. वकील ती रक्कम घेऊन इस्तंबूलला जात. बदल्यात सुलतानाच्या मुलखात व्यापाराला मोकळे रान! स्वातंत्र्य विकायचे नाही हे दारावर लिहिले होते. त्याचे हप्ते भरू नका असे कुठे लिहिले होते? १३५८ पासून हे एवढेसे गणराज्य पोप, सुलतान आणि व्हेनिस ह्यांच्या मधोमध साडेचारशे वर्षे टिकले, ते १८०८ साली नेपोलियनच्या सेनापतीने खाते बंद करीपर्यंत. आजूबाजूच्यांनी तलवारी परजल्या. ह्यांनी तारखा पाळल्या.

खाली स्त्रादुन हा हमरस्ता. त्याच्या चुनखडीच्या लाद्या शतकानुशतके पाय घासून अशा गुळगुळीत झाल्या आहेत की, आपले प्रतिबिंब पाहून भांग पाडावा. त्याच्या टोकाला स्पोंझा राजवाडा. नाव राजवाडा, पण राहायला राजा कधीच नव्हता. १५१६ ते १५२२ ह्या काळात बांधलेले हे जकातघर. टांकसाळही इथेच. आतल्या कमानीवर एक लॅटिन ओळ आहे. आमची गाइड, तिथलीच एक पन्नाशीची बाई, तिचा अर्थ सांगू लागली : आमची वजने फसवू देत नाहीत आणि फसूही देत नाहीत, मी माल तोलत असतो तेव्हा देव मला तोलत असतो.

आमची मंडळी पुढे सरकली. मी तिथेच उभा. वीस वर्षे काउंटरवर बसून मला जे सांगता आले नव्हते, ते कोणी तरी पाचशे वर्षांपूर्वी दगडात कोरून ठेवले होते!

धीर करून मी गाइडला विचारले, "बाई, बेनेडिक्ट कोत्रुल्येविच राहायचा कुठे?"

तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. "इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारे तुम्ही दुसरे."

"पहिले कोण?"

"होते एक गृहस्थ. तेही बँकेतच होते."

शेजारचा रेक्टरचा वाडा तर आमच्या इन्स्पेक्शन खात्याने बांधून घ्यावा तसा. रेक्टर म्हणजे गणराज्याचा प्रमुख आणि त्याची मुदत एक महिना! तेवढा महिना त्याने ह्या वाड्यात राहायचे, बायकामुले बाहेर, सरकारी कामाशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. "एकच महिना?" म्हणून आमच्यातले तीन नवरे हळहळले. मला मात्र ती युक्ती ओळखीची वाटली. आमच्याकडेही माणसाला एका टेबलावर फार दिवस टिकू देत नाहीत आणि वर्षातून काही दिवस सक्तीने रजेवर पाठवतात. ही रजा प्रेमापोटी देतात असे माझ्या सासऱ्यांना अजून वाटते. खरा हेतू असा की, तो नसताना त्याच्या खुर्चीवर बसणाऱ्याला काही घोळ असला तर सापडावा. सभागृहाच्या दारावर 'खासगी विसरा, सार्वजनिक पाहा' अशा अर्थाची पाटी आहे. आमच्या शाखेत ती लावली तर दुपारपर्यंतची निम्मी संभाषणे बंद पडतील. आणि चौकात पुतळा कोणाचा? सेनापतीचा नाही, कवीचा नाही. मिहो प्रात्सात ह्या व्यापारी-सावकाराचा. आपली संपत्ती त्याने गणराज्याला ठेवली, म्हणून १६३८ साली पुतळा उभारला. गणराज्याने असा मान दिलेला हा एकच नागरिक. मी सौ.ला तो पुतळा दोनदा दाखवला.

मग तासभर मोकळा वेळ मिळाला. मंडळी आइस्क्रीमकडे गेली आणि मी पुन्हा स्पोंझात शिरलो. आता तिथे शहराचे दप्तरखाने आहेत, शतकानुशतकांची कागदपत्रे. आणि तळमजल्यावर एक लहानशी खोली आहे. तिच्या भिंतींवर दुब्रोवनिकच्या रक्षणासाठी मेलेल्यांचे फोटो लावले आहेत. बहुतेक चेहरे तरुण. कोणी पासपोर्टच्या फोटोसारखा गंभीर, कोणी फोटोग्राफरने 'हस' म्हटल्यावर हसलेला. आमच्याकडे खाते उघडायच्या फॉर्मवर चिकटवतात तसलेच फोटो. १९९१ साली मी बारा वर्षांचा होतो आणि भूगोलाच्या पुस्तकात युगोस्लाव्हियाला रंग देत होतो. ही मुले जगती तर आज साठीला टेकली असती. केस पिकले असते, पोटे सुटली असती आणि एखाद्या सोमवारी सकाळी कुठल्या तरी काउंटरवर वाकून त्यांनी विचारले असते, "सध्या एफ.डी.ला काय रेट चाललाय?"

कौले बदलता येतात. ह्या खोलीची दुसरी बाजू मात्र कुठल्याच वहीत सापडत नाही. शेजारच्या आजींचे पाकीट माझ्या खिशात होते. जवळच्या चर्चमध्ये दुब्रोवनिकचा रक्षक संत व्लाहो हातात शहराची प्रतिकृती घेऊन उभा असतो. तिथल्या पेटीत ते अकरा रुपये टाकले. त्या पेटीला रुपयांचा काय उपयोग, असे तुम्ही म्हणाल. पण रक्कम आजींची होती आणि जायची होती देवाकडेच.

सौ. मला गुंदुलिच चौकातल्या बाजारात भेटली. तिथे सकाळी सुकी अंजिरे, लव्हेंडरच्या पुरचुंड्या आणि साखरेत घोळवलेल्या कडू संत्र्याच्या साली विकायला असतात. एका म्हाताऱ्या बाईने साली तराजूत घातल्या, काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, मग वजन आम्हाला नीट दिसावे म्हणून तराजू आमच्याकडे वळवला.

"थोडं वर घाला की," सौ. सरळ मराठीतच म्हणाली.

बाईने एक अंजीर उचलून, तराजूत न घालता, थेट तिच्या हातावर ठेवले.

"बघितलंत?" सौ. मला म्हणाली. "वजनाचं वजनात, वरचं वर. हिशेबी बाई आहे हो!"

हा शब्द तिच्या तोंडून त्या सुरात मी वीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकत होतो. मी पैसे मोजून दिले. सुटे होते.