बिनडोक्याचा मासा

अम्मीने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "याचं डोकं कुठंय?"

ग्लासगोच्या सुपरमार्केटमधून मी सालमनचे चार तुकडे आणले होते. डोकं नाही, शेपूट नाही, कल्ले नाहीत. मी ताजेपणाचा पुरावा म्हणून पाकिटावरची तारीख दाखवली. तिने ती वाचलीसुद्धा नाही. आमच्या घरी मासळी यायची ती रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून. अब्बा स्वतः जायचे, कल्ले उचकटून लाली बघायचे, मगच पिशवी उघडायचे. आणि डोकं अब्बांचं, हे ठरलेलं.

अब्बा डिसेंबरमध्ये गेले. मी पोचलो तेव्हा दफन होऊन गेलं होतं. मला मातीही देता आली नाही. इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपल्यावर अम्मीला सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. आल्यावर लक्षात आलं की ती मासे खात नाही. इद्दतीत मासे वर्ज्य असतात असं कुठं नाही, आणि ती तर संपलीही होती. विचारलं तर "नको वाटतं" एवढंच. कोकणातल्या मुसलमानाने मासे नको म्हणणं ही साधी गोष्ट नाही.

मला स्वयंपाक बेताचाच येतो. हलाल चिकनसाठी बस पकडून जावं लागतं. माशाला जबह लागत नाही, म्हणून एकटा राहायला लागल्यापासून सालमन हे माझं हुकमी जेवण. त्या दिवशी तिला न विचारताच करायला घेतलं.

"हा रावस का? आणि रंग लावलाय की काय?"

रावसाला आपल्याकडची हॉटेलं 'इंडियन सालमन' म्हणतात, पण दोघांचं काही नातं नाही. रंगाचं मात्र तिने बरोबर ओळखलं. समुद्रातल्या सालमनचं मांस कोळंबीसारखे जीव खाऊन केशरी होतं. इथे दुकानात मिळतो तो बहुतेक पिंजऱ्यात वाढवलेला, त्याला तो रंग खाद्यातून देतात. हे सांगितल्यावर तिने "बघ!" म्हणून मान हलवली. कितीतरी दिवसांनी ती कशात तरी जिंकली होती.

बटाट्याच्या फोडींना तेल-मीठ लावून त्या 200 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवल्या. सालमनच्या तुकड्यांवरून बोट फिरवून राहिलेले काटे चिमट्याने काढले, कागदाने पाणी टिपलं, मीठ, मिरी, ठेचलेला लसूण आणि थोडं तेल लावलं. कातडं खाली, वर लिंबाच्या चकत्या. मग मी शेपू चिरायला घेतली.

"माशावर शेपू? ती बाळंतिणीला देतात!"

अर्ध्या तासाने बटाट्यांच्या शेजारी मासा सरकवला. बारा-तेरा मिनिटं पुरतात. जास्त ठेवला की वर पांढरा साका येतो आणि मासा कोरडा पडतो. अम्मी खुर्ची घेऊन ओव्हनच्या काचेसमोर बसली. "आवाज नाही, वास नाही. दार लावून बसायचं, हा कसला स्वयंपाक?"

जूनमध्ये इथे मगरीब रात्री दहाच्या सुमारास होते. आम्ही आठला जेवायला बसलो, बाहेर लख्ख उजेड. तिने काट्याने एक पापुद्रा सोडवला, खाल्ला. काही बोलली नाही. दुसरा खाल्ला. मी ताटाच्या कडेला सारलेलं कातडं उचलून तोंडात टाकलं. "हे टाकतोस?"

मग खाली बघतच म्हणाली, "त्या दिवशी सुरमई आणली होती त्यांनी. म्हणाले, तुकड्या कर, मी जरा पडतो. मी धुऊन, मीठ-हळद लावून फ्रीजमध्ये ठेवली."

मला हे माहीत नव्हतं. फोनवर मी फक्त दवाखान्याचं विचारलं होतं, किती वाजता नेलं, डॉक्टर काय म्हणाले.

"चार दिवस तशीच होती. कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग शेजारणीने नेऊन टाकली. डोकंही होतं त्यात."

मी लिंबू तिच्याकडे सरकवलं. तिने दुसरा तुकडा घेतला, त्यावर लिंबू पिळलं, मीठ कमी आहे म्हणाली. चौथा तुकडा उरला. मी तो डब्यात घालायला उठलो.

"फ्रीजमध्ये ठेवू नकोस," अम्मी म्हणाली. "आत्ताच खाऊन टाक."

पोट भरलं होतं. मी बसलो आणि खाल्ला.